रंगाचा डबा उघडताना

धुळे शहराजवळ दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. एक मुंबईहून आग्र्याकडे जातो. दुसरा सुरतेहून निघून धुळे, जळगाव, भुसावळ या गावांवरून नागपूरकडे जातो. या रस्त्यांवरून रात्रंदिवस मालमोटारी धावत असतात. रावेर, सावदा, फैजपूर या भागांतील केळी भरून उत्तरेकडे निघालेली एखादी मालमोटार तुम्ही नक्कीच पाहिली असेल. तिच्या केबिनवर पिवळा, लाल, निळा रंग असतो. मागच्या फळीवर मोर, कमळ किंवा वाघ असतो आणि एखादा शेरही असतो. ती गाडी लांबून ओळखू येते, ती तिच्या रंगामुळेच.

हा रंग देणारे कारागीर महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या शेडमध्ये काम करतात. तेथे मुख्य कारागिराला 'उस्ताद' म्हणतात आणि शिकणाऱ्या मुलाला 'शागीर्द' म्हणतात. हे दोन्ही शब्द तुमच्या ओळखीचे आहेत. मराठी बोलणाऱ्या गॅरेजमध्येही तेच चालतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमच्यापैकी काही जण भाईजानबरोबर किंवा मामूंबरोबर अशा ठिकाणी जातात. डबे धुणे, जुना रंग घासणे, थिनर आणून देणे ही कामे आपोआप लहान मुलाकडे येतात. उस्ताद रंग देतो आणि शागीर्द रंग काढतो. गंमत अशी, की रंग देण्यापेक्षा जुना रंग काढणे अनेकदा अधिक धोक्याचे असते. हे त्या मुलाला कोणी सांगत नाही, कारण बहुतेक वेळा उस्तादालाही ते कोणी सांगितलेले नसते.

रंगाच्या डब्यात काय असते, ते आधी पाहू. त्यात मुख्यतः तीन पदार्थ असतात. पहिला म्हणजे रंग देणारी बारीक पूड. दुसरा म्हणजे ती पूड पत्र्याला चिकटवून ठेवणारे तेल किंवा राळ. तिसरा म्हणजे हे सर्व पातळ करणारा द्रव. हा द्रव रंग वाळताना उडून जातो. तो टर्पेंटाइन असेल किंवा थिनर असेल. उडून जातो म्हणजे नाहीसा होतो असे नाही. तो हवेत मिसळतो आणि ती हवा आपण श्वासावाटे आत घेतो.

पूर्वी पांढऱ्या रंगासाठी 'सफेदा' वापरत. लोखंड गंजू नये म्हणून त्याला आधी शेंदराचा हात देत. तेल लवकर वाळावे म्हणून ते मुरदाडशिंग घालून उकळत. मुरदाडशिंग हा शब्द फारसीतील 'मुरदार संग' या शब्दावरून मराठीत आला आहे. नावे तीन असली तरी तिन्हींमध्ये एकच धातू आहे. तो म्हणजे शिसे. आज बाजारात सफेदा म्हणून जी पूड मिळते ती बहुधा दुसऱ्याच पदार्थाची असते, परंतु शिसे रंगांतून पूर्णपणे गेलेले नाही. मालमोटारी, ट्रॅक्टर, यंत्रे यांच्यासाठी जो झगझगीत पिवळा किंवा केशरी रंग वापरतात, त्यात शिसे आणि क्रोमियम यांचे संयुग असू शकते. ते स्वस्त असते, उन्हात लवकर विटत नाही आणि एका हातात पत्रा झाकते. म्हणून ते लोकांना आवडते.

भारत सरकारने २०१६ साली रंगांतील शिशासंबंधी नियम केले. ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यांनुसार रंगाच्या दहा लाख भागांत शिशाचे ९० पेक्षा जास्त भाग असता कामा नयेत आणि तसे डब्यावर छापले पाहिजे. नियम चांगला आहे. पण त्याचे नाव नीट वाचा. तो घरगुती व सजावटीच्या रंगांसाठी आहे. भिंतीला, खिडकीला, पाळण्याला लावायचा रंग त्यात येतो. कारखान्यात, पुलावर, यंत्रावर किंवा वाहनावर लावायचा औद्योगिक रंग त्यात येत नाही. म्हणजे घरात बसलेल्या माणसाला या नियमाने संरक्षण दिले, पण दिवसभर डब्यावर वाकून काम करणाऱ्या कारागिराला दिले नाही. मला ही गोष्ट बरोबर वाटत नाही. पण आज स्थिती अशी आहे आणि कारागिराने ती जाणून घेतली पाहिजे. नवा डबा घेताना त्यावर शिशाबद्दल काय लिहिले आहे ते पाहावे. काहीच लिहिलेले नसेल, तर त्यात शिसे आहे असे धरून चालावे.

आता आपल्या खानदेशच्या उन्हाकडे वळू. डब्यावर बारीक अक्षरांत सूचना छापलेल्या असतात. 'थंड व हवेशीर जागी ठेवा' असे त्यांत लिहिलेले असते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. पत्र्याच्या शेडखाली तर त्याहून अधिक उष्णता असते. अशा वेळी 'थंड जागा' आणायची कोठून?

हा विनोदाचा प्रश्न नाही. प्रत्येक ज्वलनशील द्रवाचे एक तापमान ठरलेले असते. त्या तापमानाला पोहोचल्यावर द्रवातून पेट घेण्याइतकी वाफ निघू लागते. रंगकामासाठी जे खनिज टर्पेंटाइन मिळते त्याचे हे तापमान साधारण ३५ ते ४० अंश असते. याचा अर्थ असा, की जानेवारीच्या सकाळी टर्पेंटाइनच्या उघड्या डब्याजवळ ठिणगी पडली तर कदाचित काही होणार नाही. मे महिन्यातील दुपारी त्याच डब्याजवळ, त्याच जागी ठिणगी पडली तर भडका उडू शकतो. डबा तोच आहे, कारागीरही तोच आहे. फरक फक्त हवेत आहे. गेल्या दहा वर्षांत काही झाले नाही, असे जेव्हा कोणी सांगतो तेव्हा तो कोणत्या महिन्याबद्दल बोलत आहे ते त्याला विचारावे. थिनरची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. त्यात टोल्युइन, अ‍ॅसिटोन असे द्रव असतात. ते डिसेंबरच्या थंडीतही पेट घेऊ शकतात.

ही वाफ दिसत नाही. ती धुरासारखी वर जात नाही. ती हवेपेक्षा सुमारे तिप्पट जड असते. म्हणून ती जमिनीवरून पाण्यासारखी पसरत जाते आणि खड्ड्यात साचते. गाडीखाली काम करण्यासाठी गॅरेजमध्ये जो खड्डा केलेला असतो, त्यात ती भरून राहते. थिनर एका कोपऱ्यात उघडे असते, दहा पावलांवर वेल्डिंग चालू असते आणि मधली वाट ही वाफ जमिनीवरून काढते. यासाठी रंग मिसळण्याची जागा वेल्डिंग, चहाचा स्टोव्ह आणि विजेची बटणे यांच्यापासून दूर, उघड्यावर आणि सावलीत असावी. तेथे विडी-सिगारेट ओढू नये. गरजेपुरताच रंग ओतून घ्यावा आणि मोठ्या डब्याचे झाकण लगेच बंद करावे. उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर उरकणे चांगले. पुष्कळ उस्ताद तसे करतातही. ते उन्हाच्या त्रासामुळे करतात, पण त्यात आगीपासूनही बचाव होतो.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्यापूर्वी शेतकरी दोरीने पेटता कंदील खाली सोडतात. कंदील विझला तर आत हवा वाईट आहे असे समजतात. टाकी, टँकर किंवा गॅरेजचा खड्डा यांच्या बाबतीत ही युक्ती कधीही करू नका. तेथे कंदील विझणार नाही, स्फोट होईल. आतून रंग दिलेल्या टाकीत एखादा माणूस बेशुद्ध पडला तर त्याला काढायला दुसऱ्याने तसेच आत उतरू नये. तोही तेथेच पडतो. बाहेरून आरडाओरड करून माणसे जमवावीत, अग्निशामक दलाला बोलवावे आणि बाहेरूनच टाकीत ताजी हवा सोडावी. मोटारीने हवा सोडायची असेल तर मोटार टाकीपासून लांब ठेवावी, कारण तिची ठिणगीही पुरते.

रंग मिसळताना थिनरचा पिंप आडवा करणे जड जाते, म्हणून काही जण रबरी नळी टाकून तोंडाने ओढतात. एखादा घोट चुकून आत गेला तर तो पोटात कमी आणि फुफ्फुसात जास्त त्रास देतो. पिंपाला तोटी बसवायला फार खर्च येत नाही. दुसरी वाईट सवय म्हणजे उरलेले थिनर थंड पेयाच्या बाटलीत भरून घरी नेणे. बाटली स्वच्छ असते, थिनर पाण्यासारखे दिसते आणि मे महिन्यात घरात येणारे प्रत्येक मूल तहानलेले असते. असा प्रसंग घडलाच तर मुलाला बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर वर येणारे थिनर श्वासनलिकेत शिरते आणि जास्त नुकसान करते. बाटली बरोबर घेऊन मुलाला ताबडतोब दवाखान्यात न्या.

मोटारगाड्यांवर हल्ली जो काचेसारखा चकचकीत रंग देतात, तो दोन डब्यांचा असतो. एका डब्यात रंग असतो आणि दुसऱ्यात 'हार्डनर'. दोन्ही मिसळले की रंग घट्ट होऊ लागतो. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचे पदार्थ असतात. १९८४ साली भोपाळमध्ये ज्या वायूने हजारो माणसे मृत्युमुखी पडली, तो याच कुळातला होता. हार्डनर त्या वायूप्रमाणे सहज उडून जात नाही, परंतु स्प्रे गनच्या बारीक तुषारांबरोबर तो छातीत जातो. त्याचा वासही पुरेसा येत नाही. काही कारागिरांना त्यामुळे दमा होतो. एकदा शरीराने हा पदार्थ ओळखून ठेवला, की पुढे त्याचा अगदी थोडा अंशही धाप लागायला पुरतो. मग त्या माणसाला ते काम सोडावे लागते. वीस वर्षांचे कौशल्य हातात असून रोजगार जातो. म्हणून दोन डब्यांचा रंग शेजारी माणसे असताना, बंद शेडमध्ये, तोंडाला रुमाल बांधून मारणे हा मोठा धोका आहे.

रुमालाबद्दल बोललेच पाहिजे. आपल्याकडे नाकावर ओला रुमाल बांधला की सगळ्यांना समाधान वाटते. रुमालाने मोठी धूळ थोडीफार अडते. बारीक धूळ अडवायला त्यासाठीच बनवलेला मास्क लागतो. आणि थिनरची वाफ या दोहोंपैकी कशानेही अडत नाही. वाफेसाठी ज्या मास्कला बाजूला कोळशाच्या डब्या असतात तो वापरावा लागतो. तो कोळसा वाफ शोषून घेतो आणि काही काळाने भरून जातो. मास्क लावूनही थिनरचा वास येऊ लागला, म्हणजे डब्या बदलण्याची वेळ कधीच टळून गेलेली असते. हा मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तरच उपयोगी पडतो. दाढी असेल तर कडेने फट राहते आणि वाफ तेथून आत जाते. अशा कारागिरासाठी पूर्ण डोके झाकणारे आणि नळीने ताजी हवा पुरवणारे टोप मिळतात. ते महाग असतात. दोन डब्यांच्या रंगासाठी तर दाढी असो वा नसो, अशीच हवा पुरवणारी व्यवस्था योग्य समजली जाते. एका माणसाला ते परवडत नसेल तर तीन-चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक संच घ्यावा आणि आळीपाळीने वापरावा. कंप्रेसर असा भागीत घेतला जातो, मग टोप का घेऊ नये? कोणी म्हणतो, आम्ही संध्याकाळी गूळ खातो, दूध पितो, म्हणजे छाती साफ होते. गूळ आणि दूध हे चांगले अन्न आहे. ते जरूर घ्यावे. पण ते पोटात जाते आणि थिनर फुफ्फुसात जाते. दोघांची भेट होत नाही.

आता जुना रंग काढण्याकडे वळू. शागीर्दाचे हे नेहमीचे काम. जुन्या गाडीवर रंगाचे चार-पाच थर असतात. सर्वांत खालचा थर वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचा असू शकतो. वरचा रंग कोणताही असो, तळाशी शिसे असण्याची शक्यता असते. कोरड्या पॉलिश पेपरने किंवा ग्राइंडरने घासले की या सर्व थरांची पीठासारखी धूळ होते. ती केसांत, कपड्यांवर आणि शेजारी ठेवलेल्या डब्यातील भाकरीवर बसते. स्टोव्हच्या ज्योतीने रंग जाळून काढला तर शिशाचा धूर होतो. तो धुळीपेक्षाही सहज आत जातो. म्हणून घासायचे असेल तेव्हा वॉटर पेपर आणि पाणी वापरावे. ओल्या घासण्याने धूळ उडत नाही, तिचा चिखल होतो. हा चिखल गटारात सोडू नये. तो जुन्या पत्र्याच्या डब्यात गोळा करून वाळू द्यावा आणि कचऱ्यापासून वेगळा ठेवावा. पांझरेच्या किंवा गिरणेच्या पाण्यात तो मिसळला तर तेथून तो परत काढता येत नाही. गुरेढोरेही यातून सुटत नाहीत. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवून झाल्यावर अर्धा डबा गोठ्यात तसाच पडून राहतो. जनावरे असे डबे चाटतात आणि शिशाच्या विषाने दगावतात.

रंग काढण्याचा दुसरा मार्ग म्हणजे रिमूव्हर. तो ब्रशने फासला की दहा मिनिटांत रंग फुगून वर येतो. पाहायला मजा वाटते. अनेक रिमूव्हरांमध्ये डायक्लोरोमेथेन नावाचा द्रव असतो. हा द्रव सुमारे ४० अंशांना उकळतो. पाणी १०० अंशांना उकळते हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. आता विचार करा. ज्या दिवशी जळगावात पारा ४४ अंशांवर असतो, त्या दिवशी हा द्रव चुलीशिवाय उकळायला तयार असतो. उन्हात तापलेला डबा उघडला तर द्रव फसफसून तोंडावर येऊ शकतो. कातडीला आणि डोळ्यांना त्याने भाजते. त्याची वाफ शरीरात गेली की तिचा काही भाग कार्बन मोनॉक्साइड बनतो. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेली माणसे ज्या वायूने मरतात, तोच हा वायू. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात जुन्या न्हाणीटबांचा रंग या द्रवाने काढताना किमान तेरा कामगार मरण पावले. न्हाणीघर लहान होते, कामगार टबात वाकून काम करत होते आणि जड वाफ त्या टबातच साचत होती. शेवटी २०१९ साली त्या देशाने घरगुती ग्राहकांना असा रिमूव्हर विकण्यास बंदी केली.

आपल्या गॅरेजमध्ये न्हाणीटब नसतो, परंतु मालमोटारीची केबिन असते. दारे लावलेल्या केबिनमध्ये बसून आतला रंग रिमूव्हरने काढणे म्हणजे त्या टबात बसण्यासारखेच आहे. दारे काढून ठेवावीत, शक्य तो पत्रा खोलून उघड्यावर आणावा. एप्रिल-मेमध्ये रिमूव्हर वापरूच नये. तेथे ओले घासणेच बरे. साध्या रबरी हातमोज्यांतून हा द्रव काही मिनिटांत आरपार जातो. हातमोजे घातले म्हणून हात त्यात बुडवून ठेवू नयेत. अंगावर किंवा डोळ्यांत उडाला तर भरपूर पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवावे आणि मग दवाखान्यात जावे. पंधरा मिनिटे हा किती मोठा वेळ आहे, ते एकदा घड्याळ लावून पाहा.

काम संपल्यावर हात धुण्याची वेळ येते. कातडीवर रंगाचा थर असेल तर त्याखाली पाणी पोहोचत नाही आणि वुजू पुरा होत नाही. म्हणून नमाजी कारागीर थिनरमध्ये चिंधी बुडवून कोपरापर्यंत हात खसाखसा घासतात. त्यांची अडचण खरी आहे. पण थिनर कातडीतील तेल ओढून घेते, कातडी फाटते आणि त्या भेगांतून थिनर शरीरात जाते. दिवसातून दोन-तीन वेळा, वर्षानुवर्षे असे चालले तर हातांची काय दशा होते ते जुन्या कारागिरांचे हात पाहून कळते. यावर उपाय आहे. काम सुरू करण्यापूर्वी हातांना व्हॅसलिन किंवा खोबरेल तेल चोळावे. मग रंग घट्ट चिकटत नाही. चिकटलाच तर खाद्यतेल चोळून सैल करावा, थोडा लाकडाचा भुसा घेऊन घासावा आणि नंतर साबणाने धुवावा. तेल साबणाने गेले की वुजूलाही अडचण राहत नाही. नायट्रिलचे हातमोजे मिळाले तर त्याहून चांगले. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा मात्र ढीग करून ठेवू नये. हे तेल वाळताना स्वतःच तापते आणि ढीग कोणी काडी न लावताही पेटतो. अशा चिंध्या पाण्याच्या बादलीत टाकाव्यात किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात.

या पाठात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते गॅरेजमध्ये घडत नाही, घरात घडते. शिसे शरीरात गेले की शरीर त्याला चुन्यासारखे, म्हणजे कॅल्शियमसारखे समजते आणि हाडांत साठवून ठेवते. मोठ्या माणसाला त्यामुळे पोटात कळा येतात, बद्धकोष्ठता होते, अंगात रक्त कमी होते, मनगटातील शक्ती जाते. लहान मुलांच्या तर मेंदूच्या वाढीवरच त्याचा परिणाम होतो. मूल हुशार असूनही मागे पडते आणि त्याचे कारण कोणालाच कळत नाही. लहान मुलांसाठी शिशाचे अमुक प्रमाण चालेल, असे जागतिक आरोग्य संघटना मानत नाही.

आता संध्याकाळचे चित्र डोळ्यांपुढे आणा. अब्बा गॅरेजवरून घरी येतात. दाराशीच धाकटी बहीण त्यांच्या पायांना मिठी मारते. अब्बा तिला उचलून घेतात. तिचे तोंड त्यांच्या खांद्यावर, त्याच सदऱ्यावर असते, ज्यावर दिवसभर जुन्या रंगाची धूळ बसली आहे. मग अम्मी तो सदरा अंगणात झटकते आणि घरातील इतर कपड्यांबरोबर भिजत घालते. अंगणात रांगणारे मूल हात तोंडात घालते. या चित्रात कोणाचीच चूक नाही. उलट सगळे प्रेमच आहे. फक्त सदरा बदलायचा राहिला आहे.

म्हणून कामाचे कपडे गॅरेजमध्येच खुंटीला ठेवावेत आणि दुसरे कपडे घालून घरी यावे. कामाचे कपडे न झटकता वेगळे धुवावेत. जेवणापूर्वी नुसते पाण्याने नव्हे, साबणाने हात धुवावेत आणि जेवणाचा डबा कामाच्या जागेपासून दूर ठेवावा. याला पैसा जवळजवळ लागत नाही. सवय मात्र लावून घ्यावी लागते. ती लावण्याचे काम तुम्ही करू शकता, कारण दाराशी धाकट्या बहिणीला एक मिनिट धरून ठेवणे तुमच्या हातात आहे.

तुम्ही स्वतः हे काम करावे का, असेही कोणी विचारेल. कायदा याबाबत स्पष्ट आहे. चौदा वर्षांखालील मुलाला नोकरीवर ठेवता येत नाही आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोक्याच्या कामांवर ठेवण्यासही मनाई आहे. ही कल्पना आजची नाही. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्यासंबंधी एक करार केला. त्यात अठरा वर्षांखालील मुलांना शिशाचा सफेदा असलेल्या औद्योगिक रंगकामापासून दूर ठेवावे असे ठरले होते. या गोष्टीला शंभर वर्षे उलटून गेली. रंगकाम ही मोठी कला आहे. ती जरूर शिका. रेषा कशी ओढावी, अक्षर कसे बसवावे, कोणत्या रंगाशेजारी कोणता रंग खुलतो हे उस्तादाकडून बसून शिकता येते. घासणे, जाळणे आणि फवारा मारणे यांना अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबता येईल.

इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. ते कारागिरांच्या दुकानांत स्वतः जाऊन त्यांची कामे पाहत. १७०० साली त्यांनी कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात चित्रकारांवर आणि रंगांमुळे त्यांना होणाऱ्या आजारांवरही एक प्रकरण आहे. वैद्याने रोग्याला जे प्रश्न विचारायचे असतात त्यांत त्यांनी एका प्रश्नाची भर घातली. तो प्रश्न असा : तुम्ही काम काय करता?

आजही दवाखान्यात गर्दी असते आणि हा प्रश्न राहून जातो. शिशामुळे उठलेली पोटातील कळ साध्या पोटदुखीसारखीच असते. गोळी मिळते, दोन दिवस बरे वाटते आणि माणूस पुन्हा गॅरेजवर जातो. रक्त तपासले तर त्यातील शिसे कळू शकते. पण ते तपासावे असे डॉक्टरांच्या मनात येण्यासाठी रोग्याचा धंदा त्यांना माहीत असावा लागतो. पुढच्या वेळी घरातील कोणाबरोबर धुळ्याच्या किंवा जळगावच्या सरकारी रुग्णालयात जाल, तेव्हा डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नका. नाव आणि वय सांगून झाले की लगेच सांगा, "साहेब, हे पंधरा वर्षांपासून मालमोटारी रंगवतात."

स्वाध्याय

१. मे महिन्यात टर्पेंटाइनचा डबा जानेवारीपेक्षा अधिक धोकादायक का असतो?
२. विहिरीतील कंदिलाची युक्ती टाकीच्या बाबतीत का चालत नाही?
३. 'दोघांची भेट होत नाही' असे लेखकाने कशाबद्दल म्हटले आहे?
४. या पाठातील असे पाच शब्द लिहा जे उर्दूतही वापरतात. त्यांचा मराठी वाक्यांत उपयोग करा.
५. तुमच्या घरातील किंवा ओळखीच्या एखाद्या रंगकाम करणाऱ्या कारागिराला भेटा. तो काम संपल्यावर हात कशाने धुतो आणि कपडे कोठे बदलतो, ते विचारून दहा ओळी लिहा.